घरातील ध्वनिमुद्रण आणि वाचनाचा व्यवसाय

मराठी वक्तृत्वाच्या किंवा काव्यवाचनाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळविणारा विद्यार्थी पुढे काय करतो, याचा शोध इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथील कोणत्याही शिक्षकाने घेतला, तर बहुधा एकच उत्तर मिळेल. तो नोकरीस लागतो, आणि त्याचा आवाज गणेशोत्सवातील निवेदनापुरता उरतो. ‘या गुणावर पोट भरता येईल काय?’ असे त्याने कधी विचारले असेल, तर ‘मुंबईस जा’ याहून वेगळे उत्तर आपण त्यास क्वचितच दिले असेल. हे उत्तर आता बदलावयास हवे. राहत्या घरातील एका खोलीत ध्वनिमुद्रण करून ते दूरच्या गावी पाठविणे आणि त्याचा मोबदला मिळविणे आज शक्य झाले आहे. मात्र या व्यवसायाविषयी जे बोलले जाते त्यात यंत्रांची चर्चा फार आणि वाचनाची थोडी असते. आमच्या मते वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. यंत्र हा या व्यवसायातील सर्वांत सोपा भाग होय. खोली त्याहून अवघड. वाचन सर्वांत अवघड. आणि आपल्या आवाजावरील हक्क राखणे हा सर्वांत दुर्लक्षिलेला भाग. हा विषय शिक्षकांच्या नियतकालिकात मांडण्याचे कारणही तेच आहे.

मुंबईवाचून का अडत असे?

मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. १९५७ साली विविध भारती आली आणि १९६७ पासून तिच्यावर जाहिराती वाजू लागल्या. आपल्या भागातही केंद्रे नव्हती असे नाही. बडोदे व हैदराबाद या संस्थानांची स्वतःची नभोवाणी होती, आणि गोव्यात पोर्तुगीज अमदानीतच केंद्र उभे राहिले होते. परंतु जाहिरात, अनुबोधपट, भाषांतरित चित्रपट अशी ज्या कामांत आवाजाला वेगळा मोबदला मिळे, ती मुंबईत एकवटली होती. त्याचे कारण साधे होते. जाड भिंतींची निःशब्द खोली, फीत फिरविणारी महागडी यंत्रे, ती चालविणारा तंत्रज्ञ, आणि समोर काचेआड बसून चुका सांगणारा दिग्दर्शक, हे चारही एका छपराखाली असल्यावाचून काम होत नसे. आवाज असलेल्या माणसाने त्या छपराखाली जावयाचे, हाच मार्ग होता.

गेल्या पंचवीस वर्षांत हे छप्पर मोडले. ध्वनिमुद्रणाचे काम साधा संगणक करू लागला. ‘ऑडॅसिटी’ ही मुद्रण आणि संपादन करणारी संगणकप्रणाली २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे. इंटरनेटमुळे तासाभराचे मुद्रण थोड्याच वेळात परगावी पोहोचू लागले. ‘स्टोरीटेल’ ही स्वीडनमधील कंपनी २०१७ साली भारतात आली, तेव्हा तिने प्रारंभीच मराठीची निवड केली, आणि मराठी पुस्तके ऐकण्यासाठी पैसे देणारा वर्ग आहे हे दिसून आले. पुढे २०२० साली साथीमुळे स्टुडिओ बंद पडले; ज्यांच्या घरी मुद्रणाची सोय होती त्यांचे काम चालू राहिले. तेव्हापासून घरच्या मुद्रणाकडे कमीपणाने पाहण्याची वृत्तीही ओसरली.

सर्वच कामे घरी होतात असे मात्र समजू नये. चित्रपटातील पात्रांच्या ओठांशी आवाज जुळविण्याचे काम अजून बहुतांशी स्टुडिओतच चालते. घरी होण्यासारखी कामे म्हणजे ग्रंथवाचन, पाठ्यविषयांचे धडे, संस्थांच्या माहितीपटांचे निवेदन, संग्रहालयांतील माहिती, आणि दूरध्वनीवरील सूचना. यांपैकी पहिली दोन आपल्या विद्यार्थ्यांना विशेष अनुकूल आहेत. कारण त्यांत गोड गळ्यापेक्षा समजून वाचण्याला किंमत आहे.

खोली

घरी मुद्रण करू पाहणारा माणूस प्रथम मायक्रोफोन विकत घेतो. त्याने प्रथम टाळी वाजवून पाहावी. रिकाम्या खोलीत टाळीमागून एक बारीक झणत्कार ऐकू येतो. आवाज सेकंदास सुमारे ३४३ मीटर या वेगाने जाऊन भिंतीवर आपटतो आणि परत येतो. तीन-चार मीटरांच्या खोलीत हे सेकंदाच्या शतांशाच्या हिशोबात घडते. हा परतीचा आवाज मूळ शब्दात मिसळला की वाचणारा मोरीत बसून बोलतो आहे असे वाटते. मुद्रण झाल्यावर हा दोष काढून टाकणे फार कठीण असते.

येथे दोन गोष्टींचा घोटाळा नेहमी होतो. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे ही एक गोष्ट, आणि आतला आवाज भिंतीवरून परतू न देणे ही दुसरी. पहिलीस वजन लागते : जाड भिंत, जड दार, बंद फटी. दुसरीस मऊपणा लागतो : गाद्या, रजया, गोधड्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट. गोधडी टांगल्याने रस्त्यावरची स्कूटर थांबत नाही, आणि भिंत जाड असल्याने झणत्कार जात नाही. ज्याने हा फरक ओळखला त्याचे पुष्कळ पैसे वाचतात.

मऊ पदार्थाची जाडीही महत्त्वाची असते. १,००० हर्ट्झचा ध्वनी घेतला तर त्याच्या लहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर भरते. १०० हर्ट्झच्या ध्वनीची सुमारे साडेतीन मीटर. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर या दुसऱ्या आकड्याच्या आसपास असतो. बाजारात मिळणारा इंचभर जाडीचा स्पंज बारीक, तीक्ष्ण ध्वनी तेवढा शोषतो. जाड ध्वनी तसाच राहतो, आणि आवाज पेटीत कोंडल्यासारखा होतो. त्यापेक्षा दुपदरी गोधडी भिंतीपासून चार-पाच बोटे दूर टांगली, तर मधल्या पोकळीमुळे तिचा उपयोग वाढतो. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने जुन्या लुगड्यांच्या गोधड्या तीन बाजूंनी टांगून जी जागा केली आहे, तीत महागड्या स्पंजाच्या खोलीपेक्षा शब्द स्वच्छ उमटतो.

बाहेरच्या आवाजाला मात्र वेळेचे पथ्य हाच उपाय. पंखा आणि फ्रीज बंद करावेत. पाण्याची मोटर, कुकरच्या शिट्ट्या, शाळा सुटण्याची वेळ आणि आरती यांची नोंद ठेवावी. पहाट आणि रात्र हीच वाचणाऱ्याची दिनमाने होत. विजेच्या तारेतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण हा आणखी एक शत्रू. इन्व्हर्टर चालू असता ती अनेकदा वाढते. वीज गेली की मुद्रण थांबविणे बरे.

मायक्रोफोन आणि मापे

मायक्रोफोनविषयी थोडक्यात सांगतो. हृदयाच्या आकाराचे ग्रहणक्षेत्र असलेला, म्हणजे समोरचे अधिक आणि पाठीमागचे कमी ऐकणारा मायक्रोफोन या कामास योग्य. अंतर एक वीत ठेवावे. अंतर दुप्पट केले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीतील परतीचा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणून दूर बसणाऱ्याच्या मुद्रणात खोली अधिक ऐकू येते. उलट फार जवळ गेल्यास आवाजाला खोटा भारदस्तपणा चढतो आणि ‘फ’, ‘भ’, ‘प’ या वर्णांबरोबर निघणारा श्वासाचा झोत पडद्यावर आपटतो. भरतकामाच्या रिंगवर पातळ कापड ताणून ते मध्ये धरले आणि मायक्रोफोन तोंडासमोरून किंचित बाजूस वळविला, की हा दोष बराच कमी होतो.

काम घेणाऱ्या कंपन्या मुद्रण कानाने ऐकण्यापूर्वी यंत्राने मोजतात. ऑडिबल या कंपनीस ग्रंथ पुरविणाऱ्या ‘एसीएक्स’ व्यवस्थेची मापे नमुन्यादाखल ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल या दरम्यान असावी. सर्वांत मोठा आवाज उणे ३ च्या वर जाऊ नये. आणि कोणी बोलत नसता उरणारा गोंगाट उणे ६० च्या खाली असावा. या मोजणीत शून्य म्हणजे यंत्र धरू शकेल असा कमाल आवाज. त्यावर गेलेला भाग कापला जातो व फाटका ऐकू येतो. उणे ६० म्हणजे त्या कमालीचा हजारावा भाग. घरच्या मुद्रणाची परीक्षा याच शेवटच्या आकड्यावर होते, आणि हा आकडा खोलीने मिळतो. मायक्रोफोनच्या किमतीने मिळत नाही.

वाचन

आता मुख्य विषयाकडे वळतो. आमच्याच अनुभवाची एक गोष्ट येथे सांगणे उपयुक्त होईल. काही वर्षांपूर्वी परगावच्या एका संस्थेसाठी आम्ही मराठी धड्यांचे वाचन घरी मुद्रित करून पाठविले. हयात शिकविण्यात गेलेली, त्यामुळे वाचनाविषयी मनात शंका नव्हती. धाकधूक होती ती यंत्राची. आठ दिवसांनी शेऱ्यांचा कागद परत आला. त्यात चौतीस शेरे होते. त्यांपैकी यंत्राविषयी आणि खोलीविषयी अवघे पाच : एके ठिकाणी कोकिळा, एके ठिकाणी फ्रीज, असे. उरलेले एकोणतीस वाचनाविषयी होते. ‘ज्ञ’चा उच्चार हिंदी वळणाने ‘ग्य’ झाला होता; ‘चारा’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ एकच झाला होता; आणि वाक्याच्या शेवटी आवाज इतका उतरला होता की ‘नाही’ हा शब्द तीन ठिकाणी ऐकूच येत नव्हता. वर्गात आमच्या या चुका कोणी दाखविल्या नव्हत्या, कारण वर्गही इंदूरचाच होता.

घरी वाचणाऱ्याची खरी अडचण यात दिसून येते. स्टुडिओत काचेआड दिग्दर्शक बसतो. घरी तो नसतो. वाचक, तंत्रज्ञ, परीक्षक आणि कारकून या चारही भूमिका एकाच माणसाकडे येतात, आणि त्यांतील परीक्षकाची भूमिका सर्वांत दुबळी राहते. यंत्राने अंतर मिटविले, पण वाचणाऱ्याची जबाबदारी वाढविली.

आपल्याकडे या विषयाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वाचिक अभिनयाचे स्वतंत्र विवेचन आहे. ऊर, कंठ आणि शिर ही आवाजाची तीन स्थाने, आणि उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित असे पाठाचे सहा अलंकार त्यात सांगितले आहेत. पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकाचे सहा प्रकार दिले आहेत : गाऊन वाचणारा, घाईने वाचणारा, डोके हलविणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न कळता वाचणारा आणि क्षीण आवाजाचा. ही यादी मायक्रोफोनसमोर बसणाऱ्यासाठीच केली असावी असे वाटते. डोके हलविणाऱ्याचे अंतर दर वाक्यागणिक बदलते आणि आवाज कमीजास्त होतो. क्षीण आवाज यंत्राने वाढविला की त्याबरोबर खोलीचा गोंगाटही वाढतो. घाईने वाचणाऱ्याच्या जोडाक्षरांचे तुकडे पडतात. लिहिलेले पाहून वाचण्याचा दोष मात्र आपल्या कामात टाळता येत नाही. म्हणून मजकूर आधी दोनदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचून ठेवावा, म्हणजे डोळा ओळीच्या पुढे राहतो.

मराठीपुरत्या तीन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट वाक्याच्या शेवटाची. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा शेवटी येते, आणि काळ, होकार किंवा नकार यांचा निर्णय तेथेच लागतो. ‘त्याने पत्र पाठविले होते’ आणि ‘त्याने पत्र पाठविले नव्हते’ या दोन वाक्यांतील सारा फरक शेवटच्या शब्दात आहे. श्वास मात्र तेथवर पोहोचेपर्यंत संपत आलेला असतो. म्हणून मराठी वाचणाऱ्याने श्वासाची शिल्लक शेवटासाठी राखली पाहिजे. आमच्या वाचनातील ‘नाही’ हरवले ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट उच्चारभेदाची. ‘जग’ हे दोन अक्षरी लेखन दोन शब्दांचे आहे : एक दुनिया या अर्थाचा, दुसरा ‘जगणे’चा आज्ञार्थ, दोहोंतील ‘ज’ वेगळा. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील ‘झ’ सारखा नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांचा गोंधळ केला तर गुरुजनांच्या जागी स्वयंपाकी येतात. लिपी यांतील पहिले दोन भेद दाखवीत नाही. ते कानानेच शिकावे लागतात. हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा गुजराती यांच्या शेजारात वाढलेल्या मुलाच्या कानावर ते पुरेसे पडत नाहीत, यात त्याचा दोष नाही. आकड्यांचेही तसेच. एकोणपन्नास, एकोणसाठ, त्र्याण्णव हे शब्द आपल्या घरांतून नाहीसे होत चालले आहेत. आणि ग्रंथात मात्र सन आणि आकडे पानोपानी येतात.

तिसरी गोष्ट व्याकरणाची. संवाद वाचताना ‘झाड पडले’ हे ‘झाड पडलं’ असे म्हणणे स्वाभाविक आहे. पण ‘आंबे पडले’ याचे ‘आंबे पडलं’ होत नाही. नपुंसकलिंगी एकवचनाचा शेवटचा ‘ए’ बोलण्यात अनुस्वारासारखा होतो. पुल्लिंगी अनेकवचनाचा होत नाही. ज्याला हे व्याकरण ठाऊक नाही तो एक तर सर्व संवाद ताठ पुस्तकी वाचतो, किंवा भलत्या जागी अनुस्वार देतो. व्याकरणाचा तास कशासाठी, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास हे एक उत्तर देता येईल.

येथे एक शंका कोणी घेईल : मग आपल्या बेळगावी, माळवी, गोमंतकी वळणाचे काय? ते टाकून द्यावयाचे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. निवेदनाची प्रमाण भाषा शिकावयाची ती व्यवसायासाठी. घरचे वळण सोडण्यासाठी नव्हे. सीमाभागातील कथेतील संवाद मुंबईच्या वाचकाला साधत नाही, तो बेळगावच्या वाचकालाच साधतो. ज्याच्यापाशी दोन्ही आहेत त्याचे मोल अधिक. मात्र कोणते केव्हा वापरतो आहोत, हे त्यास कळत असले पाहिजे. नकळत झाले तर ती चूक, आणि जाणून केले तर ती कला.

काम, मोबदला आणि करार

काम मिळविण्यासाठी आवाजाचे नमुने तयार ठेवावे लागतात. प्रत्येक नमुना मिनिटभराचा असावा आणि एकाच प्रकारचा असावा : एक कथेचा, एक शास्त्रीय माहितीचा, एक संवादाचा. सराव आणि नमुने यांसाठी मजकूर निवडताना ग्रंथस्वामित्वाचा विचार करावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. हरिभाऊ आपटे १९१९ साली, ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली आणि साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले मूळ लेखन आता सर्वांस मोकळे आहे. नव्या आवृत्तीची प्रस्तावना किंवा टिपा मात्र तशा मोकळ्या नसतात.

श्रमाचा हिशोब आधी करावा. ऐकणाऱ्यास एक तास लागणारे मुद्रण तयार करण्यास, म्हणजे पूर्ववाचन, मुद्रण, चुका काढणे आणि तपासणे यांस, साधारणपणे सहा तास लागतात असे या व्यवसायात धरले जाते; नवख्यास त्याहून अधिक. मोबदला तयार तासावर ठरला असेल, तर त्यास सहाने भागून मगच तो परवडतो की नाही ते पाहावे. आमच्या परिचयातील कित्येकांनी हा भागाकार काम स्वीकारल्यानंतर केला.

करार लेखी असावा. त्यात निदान इतके यावे : किती शब्द, किती दिवसांत, किती मोबदला, आणि तो केव्हा. वाचकाची चूक असेल तर पुन्हा वाचन विनामूल्य. मजकूर बदलला असेल तर त्याचे वेगळे पैसे. मुद्रण कोठे व किती काळ वापरले जाईल, हेही लिहून घ्यावे. कारण एका शाळेपुरता वाचलेला धडा आणि देशभर वाजणारी जाहिरात यांची किंमत एक असू शकत नाही. काम देण्यापूर्वी नोंदणीचे पैसे मागणारा मनुष्य काम देणारा नसतो, आणि चाचणी म्हणून संपूर्ण प्रकरण वाचून मागणारा ते प्रकरण फुकट मिळवू पाहत असतो. या दोघांपासून विद्यार्थ्यांस सावध करावे.

आवाज कोणाचा?

शेवटचा मुद्दा नवा आहे, आणि आमच्या मते गंभीर आहे. माणसाच्या आवाजाच्या काही मिनिटांच्या, कित्येकदा काही सेकंदांच्याच नमुन्यावरून संगणक आज त्याची नक्कल करू शकतो, आणि मग त्या आवाजात वाटेल तो मजकूर वाचून घेता येतो. याचे परिणाम दिसू लागले आहेत. दूरध्वनीवरील सूचना आणि साधी माहिती यांची कामे यंत्राकडे जात आहेत. अमेरिकेतील कलावंतांच्या संघटनेने संगणकीय खेळांना आवाज देणाऱ्यांसाठी जुलै २०२४ मध्ये संप पुकारला. आवाजाच्या अशा नकलेपासून संरक्षण ही त्यातील प्रमुख मागणी होती, आणि तो प्रश्न २०२५ साली नव्या कराराने मिटला.

आपल्या देशात कायद्याचा आधार अगदीच नाही असे नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याच्या हक्कांना स्थान मिळाले. प्रयोगकर्ता कोण, हे सांगताना त्या कायद्याने नट, गायक आणि व्याख्याता यांच्या पंक्तीस डोंबारी आणि गारुडी यांनाही बसविले आहे. ग्रंथ वाचणाऱ्याचा शब्दशः उल्लेख त्यात नाही. परंतु प्रयोग सादर करणारी इतर कोणतीही व्यक्ती, असा व्यापक शब्दप्रयोग आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्यास आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या प्रयोगाची विकृती झाल्यास हरकत घेण्याचा हक्क दिला. आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात, त्यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल संमतीवाचून करण्यास अंतरिम मनाई केली.

परंतु उच्च न्यायालयाची पायरी प्रसिद्ध गायकाला परवडते. ग्वाल्हेरच्या एखाद्या शिक्षिकेला ती परवडणार नाही. तिचे संरक्षण तिच्या करारातच असले पाहिजे. ‘हे मुद्रण केवळ अमुक ग्रंथासाठी आहे, त्यावरून कृत्रिम आवाज तयार करू नये व यंत्रास शिकविण्यासाठी ते वापरू नये, तसे करावयाचे असल्यास वेगळी लेखी संमती आणि वेगळा मोबदला लागेल,’ एवढे वाक्य प्रत्येक करारात आग्रहाने घालावे. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे’ असे शब्द असलेल्या कागदावर सही करणारा मनुष्य एका कामाचे पैसे घेऊन पुढची सर्व कामे देऊन टाकीत असतो. असा करार नाकारण्याने एखादे काम हातचे जाईल. पण आवाज राहील.

शिक्षकांचे काम

या सर्वांवरून हा व्यवसाय सुलभ आहे किंवा निश्चिंत आहे, असा अर्थ कोणी काढू नये. चालती नोकरी सोडून त्यात उडी घेणे शहाणपणाचे नाही. वर्ष-दोन वर्षे सकाळचे दोन तास देऊन, लहान कामे वेळेवर पुरी करून, मग निर्णय करावा. यंत्राची नक्कल किती पुढे जाईल हे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र अर्थ समजून वाचलेले आणि न समजता वाचलेले यांतील फरक चांगल्या श्रोत्यास आजही क्षणात कळतो, आणि या व्यवसायाची सारी आशा त्या फरकात आहे.

तो फरक निर्माण करणे हे खोलीचे काम नव्हे आणि मायक्रोफोनचेही नव्हे. ते आपले आहे. शाळांतून प्रकट वाचन जवळजवळ बंद पडले आहे. मूकवाचनाने परीक्षा सुटते, म्हणून मोठ्याने वाचण्यास वेळ मिळत नाही. आमची सूचना अशी की, प्रत्येक मराठी शाळेने व संस्थेच्या प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक तास प्रकट वाचनास द्यावा; मुलांचे वाचन साध्या भ्रमणध्वनीवर मुद्रित करावे, आणि ते त्यांनाच ऐकवावे. त्याहून एक पाऊल पुढे जाऊन, ज्या गावी प्रमाण उच्चार ऐकावयास मिळत नाहीत तेथील मुलांचे मुद्रण दुसऱ्या गावच्या शिक्षकाने तपासून शेरे लिहून पाठवावे. इंदूरच्या मुलाच्या चुका इंदूरच्या शिक्षकाला ऐकू येत नाहीत, हे आम्ही स्वतःच्या अनुभवाने वर सांगितलेच आहे. काचेआडचा दिग्दर्शक घरी नसतो. पण आपण एकमेकांचे दिग्दर्शक होऊ शकतो, आणि त्यासाठी मुंबईस जावे लागत नाही.

असे पाच-सात वर्षे झाले, तर स्पर्धेत पारितोषिक मिळविणाऱ्या मुलीने ‘आता पुढे काय?’ असे विचारले असता, तिला सांगण्यासारखे काही आपल्यापाशी असेल. ती त्यावर पोट भरील किंवा न भरील. तिचे ‘नाही’ मात्र वाक्याच्या शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येईल.